रंगाखालचं मीठ

मामांच्या जुन्या पिकअपने मालवणच्या बंदरावरून वीसेक वर्षं मासळीच्या पेट्या वाहिल्या. ती पुन्हा उभी करताना इंजिनचा बिडाचा ब्लॉक आम्ही तारेच्या ब्रशने लख्ख घासला, प्रायमर मारला, वर झकास निळा रंग दिला. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यावर फोड उठले. आम्ही रंगाला शिव्या घातल्या. खरा चोर खाली होता.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना? इथेही तेच. रंगाचा थर दिसतो तितका बंद नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू झिरपते. खाली मीठ राहिलं असेल तर ते ही वाफ ओढून घेतं, खारट थेंब साचतो आणि रंग उचलला जातो. मग गंज सुरू होतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरतं, पण समुद्राच्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केही पुरते. मालवणात इतकी कोरडी हवा कुणी पाहिली आहे?

ब्रशने वरचा भाग चमकतो, खड्ड्यांच्या तळातलं मीठ तिथेच राहतं. ते फक्त पाण्याने निघतं. पण आधी रॉकेलने तेलकटपणा काढायचा, मग साबणाचं गरम पाणी, कारण तेलावर पाणी ठरतच नाही. शेवटचं पाणी गोडं हवं. किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरीचं नको. आणि पुळणीतली वाळू वापरून ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने वाळूचा मारा, तर मुळीच नको: मीठ परत आत ठोकलं जातं, शिवाय वाळूची धूळ फुप्फुसं कायमची खराब करते.

उरलेल्या गंजावर टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं रूप बदलणारं द्रावण, चालतं. लोखंडाशी मिळून ते काळपट थर बनवतं. हिरड्याची काळी शाई व्हायची ती याच रसायनामुळे. मीठ मात्र ते काढत नाही.

वेळही महत्त्वाची. रात्रभर गार पडलेल्या जड ब्लॉकवर सकाळी दव धरतं. हवेतली वाफ ज्या तापमानाला दव बनते, त्यापेक्षा लोखंड किमान ३ अंश गरम हवं. म्हणून दिवाळीनंतरचे दिवस, ऊन वर आल्यावर आणि दुपारचा खारा वारा जोर धरण्याआधी.

मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळाची, गोष्ट वेगळी. ब्लॉक १०० अंशांच्या आसपास राहतो, पण फोंडा घाट चढताना मॅनिफोल्ड ५०० अंशांकडे जातो. साधं इनॅमल तिथे जळून कोळसा होतं. तिथे ॲल्युमिनियमची पूड असलेला सिलिकॉन रंग लागतो, आणि तो नीट पक्का होतो तो टप्प्याटप्प्याने तापवल्यावर. पहिल्या तापवणीला थोडा धूर निघतोच. आमच्याकडे तो निघाला, तेव्हा मामा पाण्याची बादली घेऊन धावले. हात धरून थांबवलं म्हणून बरं, नाहीतर तापलेलं बीड तडकलंच असतं.