‘विशेष ज्ञान’ या शब्दाची पन्नास वर्षे : एल-वन व्हिसाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यात १९७० साली दुरुस्ती झाली आणि त्यातून एल-वन व्हिसा निघाला. बहुराष्ट्रीय कंपन्यांना परदेशी शाखांतील व्यवस्थापक आणि जाणकार माणसे अमेरिकेतील शाखेत बदलीवर आणता यावीत, एवढाच त्यामागचा हेतू होता. या व्हिसावर येणाऱ्यांची संख्या मोठी नसेल, अशी अपेक्षा तेव्हाच्या कायदेमंडळाच्या अहवालात नमूद आहे. संख्येची मर्यादा घातली गेली नाही. ती आजही नाही.

व्यवस्थापकांचा ‘ए’ प्रकार सात वर्षांचा असतो आणि त्यावर वाद तुलनेने कमी झाले. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या संगणक-अभियंत्यांच्या वाट्याला मुख्यतः पाच वर्षांचा ‘बी’ प्रकार येतो आणि त्याचा सगळा डोलारा ‘विशेष ज्ञान’ या दोन शब्दांवर उभा आहे. १९७० च्या कायद्याने या शब्दांची व्याख्याच केली नव्हती. १९८७ च्या नियमांनी हे ज्ञान कंपनीच्या खास मालकीचे असले पाहिजे, असा अर्थ लावला. १९९० च्या कायद्याने ती अट सोडून दिली आणि प्रथमच व्याख्या दिली : कंपनीच्या उत्पादनाचे व आंतरराष्ट्रीय बाजारपेठेतील त्याच्या वापराचे विशेष ज्ञान, किंवा कंपनीच्या प्रक्रिया व कार्यपद्धतींचे प्रगत ज्ञान. ‘विशेष’चा अर्थ सांगायला बसलेली व्याख्या ‘विशेष’ हाच शब्द पुन्हा वापरून मोकळी झाली. १९९४ मध्ये स्थलांतर खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी जे परिपत्रक काढले, त्यात ‘विशेष’ आणि ‘प्रगत’ यांचे अर्थ चक्क शब्दकोशातून दिले होते. ज्ञान एकमेवाद्वितीय असण्याची गरज नाही, ते नेहमीपेक्षा वेगळे असले की पुरे, असा त्याचा एकूण रोख होता आणि पुढची काही वर्षे त्यावर निभावले.

ऑक्टोबर २००३ मध्ये एच-वन-बीची, म्हणजे परदेशी जाणकारांना थेट नोकरीवर घेण्यासाठीच्या व्हिसाची, वार्षिक मर्यादा १,९५,००० वरून पुन्हा ६५,००० वर आली, तेव्हा संगणक क्षेत्रातील सेवा कंपन्यांचे लक्ष एल-वनकडे अधिक वळणे स्वाभाविक होते. त्याच सुमारास फ्लोरिडातील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अशी तक्रार केली, की आपली कामे एल-वनवर आलेल्या भारतीयांना शिकवायला लावून आपल्यालाच घरी पाठवण्यात आले. तक्रार खोटी म्हणता येणार नाही. तिच्यातून २००४ चा सुधारणा कायदा आला आणि जून २००५ पासून लागू झाला. ‘बी’ प्रकारातील कर्मचारी ग्राहकाच्या कार्यालयात बसून मुख्यतः त्याच्याच देखरेखीखाली काम करत असेल, किंवा नुसते मनुष्यबळ पुरवले जात असेल, तर व्हिसा मिळणार नाही, असे त्यात ठरले.

पुण्यातील सेवा कंपन्यांची अडचण नेमकी इथे होती. माणूस ‘क्लायंट लोकेशन’ला बसणार, प्रणाली ग्राहकाची, आणि ज्ञान मात्र स्वतःच्या कंपनीचे दाखवायचे. माझ्या पाहण्यातल्या एका अर्जाच्या पत्रात कंपनीच्या अंतर्गत चाचणी-साधनावर चार पाने खर्ची पडली होती आणि अर्जदार ग्राहकाकडे रोज काय करणार, हे दीड परिच्छेदात उरकले होते. पत्र लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. व्याख्याच तसे लिहायला लावते.

२००८ मध्ये अपील पातळीवरच्या एका निकालाने व्याख्येचा अर्थ पुन्हा आवळला. तो निकाल इतरांवर बंधनकारक नव्हता, तरी त्याचा धागा पुढच्या अनेक नकारांत दिसतो. खात्याकडे थेट केलेल्या ‘बी’ अर्जांतील नकारांचे प्रमाण २००६ या आर्थिक वर्षात ६ टक्के होते, ते २०१४ मध्ये ३५ टक्क्यांवर गेले. २०१२ ते २०१४ या काळात भारतीयांच्या बाबतीत ते ५६ टक्के होते. एकच कायदा, एकच व्याख्या, आणि तरीही निम्म्याहून अधिक भारतीय अर्ज बाद, याचा उलगडा केवळ अर्जांच्या दर्जातून होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ‘ब्लँकेट’ अर्जांत, म्हणजे कंपनीला आधीच मिळालेल्या एकत्रित मंजुरीखालच्या अर्जांत, तर निर्णय वकिलातीच्या खिडकीवरच होतो. डिसेंबर २०११ पासून भारतातील असे सारे अर्ज चेन्नईत एकवटले, आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या ‘स्टॅम्पिंग’साठी मुंबई गाठणारे पुणेकर एका अर्जाच्या तीन-तीन प्रती घेऊन चेन्नईचे विमान धरू लागले.

गंमत अशी, की या शब्दावरचा एक गाजलेला न्यायालयीन निकाल संगणकाशी संबंधित नाहीच. ब्राझिली पद्धतीचे भाजलेले मांस वाढणाऱ्या एका उपाहारगृह-साखळीने आपल्या आचाऱ्यासाठी केलेला अर्ज खात्याने नाकारला होता. लहानपणापासून अंगवळणी पडलेले, संस्कृतीतून आलेले ज्ञान सरसकट बाजूला ठेवता येणार नाही, असे अपील न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी नवे परिपत्रक आले. त्यानुसार ‘विशेष’ ज्ञान त्या उद्योगातील इतरांच्या तुलनेत पाहायचे आणि ‘प्रगत’ ज्ञान कंपनीतल्या इतरांच्या तुलनेत. ते कंपनीत मोजक्याच लोकांकडे असले पाहिजे, असा आग्रह धरायचा नाही.

दरम्यान, अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-वन-बी वा एल-वनवर असलेल्या, पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांवर २०१० मध्ये एल-वनच्या अर्जामागे २,२५० डॉलरचे जादा शुल्क बसले. २०१५ च्या अखेरीस ते ४,५०० झाले. जून २०२० ते मार्च २०२१ या काळात अध्यक्षीय आदेशाने नव्या एल-वनधारकांचा प्रवेशच थांबवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, त्यात एल-वन नाही. त्यामुळे या व्हिसाची विचारणा वाढली, तरी गेल्या तीन वर्षांत परदेशातील शाखेत सलग एक वर्ष काम केलेले असण्याची अट कायम आहे, आणि नुकत्याच रुजू झालेल्या अभियंत्याला ती पुण्यातच थांबवते.