मऊ सोन्यातला कोरियन वाघ

दक्षिण कोरियाच्या जंगलात आज वाघ नाही. 1920च्या दशकानंतर तिथे त्याची खात्रीची नोंद झालेली नाही. पण लोकांच्या मनातून तो हललेला नाही. कोरियाचा पुराणातला आद्य राजा दंगुन याच्या जन्मकथेत माणूस होण्यासाठी अस्वलाबरोबर लसूण खात गुहेत राहणारा आणि धीर सुटून बाहेर पळणारा वाघच. 1988च्या सोल ऑलिंपिकचा शुभंकर होदोरी वाघच आणि 2018च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकचा सुहोरांगही वाघच, तोही पांढरा.

हा वाघ कॉम्स्को ही कोरियाची सरकारी टांकसाळ सोन्याच्या पदकांवर उमटवते. या पदकाला चलनाचा दर्जा नसतो. त्याची किंमत ठरते ती सोन्याच्या भावावर आणि संग्राहकांच्या हौसेवर. सोनं 999.9 शुद्धतेचं, म्हणजे हजार भागांत 999.9 भाग सोनं, वजन एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. आपल्या हिशेबाने तीन तोळ्यांहून थोडं जास्त. एवढ्या सोन्याचं आकारमान जेमतेम 1.6 घन सेंटिमीटर भरतं, म्हणून हातात घेतल्यावर त्याचा जडपणा चांगलाच जाणवतो.

दागिन्याला इतकं शुद्ध सोनं चालत नाही, ते वाकतं. म्हणून सोनार त्यात तांबं, चांदी मिसळतात. सोन्याच्या स्फटिकातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे ते मऊ असतं. टांकसाळीला मात्र नेमका हाच गुण हवा असतो. तापवून मऊ केलेली चकती पोलादी ठशांमध्ये दाबली की धातू ठशाच्या बारीकशा खाचेतही शिरतो आणि वाघाच्या मिशीचा एकेक केस उठून दिसतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पदकावरची लपलेली अक्षरं. एका कोनातून पाहिलं तर टांकसाळीचं नाव दिसतं, पदक जरा कलतं केलं की त्याच जागी धातूची शुद्धता. यात रंग नाही की वेगळा थर नाही. नुसत्या अतिबारीक रेघा, दोन वेगवेगळ्या दिशांनी कोरलेल्या. प्रकाश एका वेळी एकाच दिशेच्या रेघांवरून डोळ्यांकडे परततो आणि दुसऱ्या रेघा अंधारात राहतात. अस्सल पदकावरून साचा घेऊन नक्कल ओतली, तर या रेघांच्या कडा बोथट होतात.

तरी आत टंगस्टन हा धातू भरून फसवणूक करता येते. त्याची घनता घन सेंटिमीटरला 19.25 ग्रॅम, सोन्याची 19.3, साध्या तराजूला फरक कळत नाही. पण आवाजाचा वेग सोन्यात सेकंदाला सुमारे 3,200 मीटर असतो आणि टंगस्टनमध्ये 5,000च्या वर. अल्ट्रासाऊंडच्या उपकरणाने ही चोरी लगेच पकडता येते, पदकाला ओरखडाही न पडता.