ईपीएबीएक्स : बिघाड व दुरुस्ती (ग्रामीण विदर्भ)

ईपीएबीएक्स म्हणजे कार्यालयातले छोटे टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरच्या दोन-चार लाइनी आणि आतले आठ-सोळा फोन ते एकमेकांना जोडते. ग्रामीण विदर्भात जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरण्या, बाजार समित्या, रुग्णालये अशा ठिकाणी मोबाइलच्या काळातही ते भिंतीवर टिकून आहे. वजनकाट्यावरून साहेबांच्या केबिनला फोन लावायला ना रिचार्ज लागतो ना रेंज. लोक त्याला सरसकट ‘इंटरकॉम’ म्हणतात आणि टोन गेला की ‘मशीन गेली’ म्हणून मोकळे होतात. पण बहुधा मशीन ठणठणीत असते, वायर गेलेली असते.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी झाकण उघडत नाही. तो मधोमध, क्रोनच्या पट्टीपाशी, म्हणजे मशीनकडच्या आणि फोनकडच्या वायरी जिथे एकमेकींना जोडतात तिथे, शोध सुरू करतो. तिथे फोनकडची वायरींची जोडी सोडवायची आणि मशीनच्या बाजूला चांगला फोन लावून बघायचा. टोन आला तर दोष बाहेर. नाही आला तर पोर्टमध्ये, म्हणजे मशीनवरच्या त्या फोनच्या जागेत, किंवा कार्डात, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डात. मीटरवर, रिसीव्हर ठेवलेला असताना, मशीनप्रमाणे २४ ते ४८ व्होल्ट डीसी दिसतात. उचलला की दहाच्या आसपास उतरतात. रिसीव्हर ठेवलेला असूनही व्होल्ट उतरलेलेच असतील तर लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. मशीनला वाटते, कोणी फोन उचलूनच बसले आहे. मात्र घंटी वाजताना याच वायरीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. दाताने वायर सोलणाऱ्यांना हे एकदा तरी कळलेले असते.

पावसाळ्यात नुसती खरखर. टिनाच्या शेडखाली, खांबाला टेप गुंडाळून ठेवलेला जोड सोडला की आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघते. ओल आणि डीसी प्रवाह मिळून तार खातात. अशा जोडावर नवी टेप गुंडाळणे म्हणजे पुढच्या आठवड्याची फेरी ठरवणे. तेवढा तुकडा कापून नवी जोडी ओढणेच बरे.

मृगाआधीच्या विजांनी वेगळेच नुकसान होते. बाहेरून आलेला झटका गॅस ट्यूब (लाइनवर बसवलेली, विजेपासून मशीन वाचवणारी छोटी नळी) स्वतःवर घेते आणि कधी कधी कायमची शॉर्ट होऊन बसते. ती काढली की मेलेली लाइन बोलू लागते, आणि बरेच जण काम झाले समजून तशीच सोडून जातात. पुढची वीज मग थेट कार्डात. अर्थिंगही तपासावे लागते : उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सळईला सुटते, आणि खड्ड्यात पाणी कोणी घातलेले नसते.

जिनिंगमध्ये रुईचे तंतू पॉवर सप्लायवर गादीसारखे बसतात. त्यात मे महिन्याचे ४५ अंश. कपॅसिटर फुगतात, सगळ्याच फोनवर एकसारखी घूं ऐकू येते, मशीन आपोआप बंद-चालू होते. आधी ब्रशने सफाई, मग नवे कपॅसिटर, तेही १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे. ८५ अंशांचे स्वस्त पडतात, पण दोन उन्हाळे काढतीलच असे नाही. एकच फोन बंद असेल तर इतक्या खोलात जाऊ नये. रिसीव्हरची दोरी किंवा हुकस्विच (रिसीव्हर ठेवला की दबणारे बटण) बदलून पाहावा.

लाइट जाऊन आल्यावर वजनकाट्याचा नंबर लावला आणि लेखापालाने उचलला, तर बिघाड वायरीत शोधू नये. अनेक मशीनमध्ये प्रोग्रॅमिंग जपणारा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपलेला असतो. सेल बदलून नंबर पुन्हा भरावे लागतात, आणि जुन्या नंबरांची यादी झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेली असेल तर काम अर्ध्या तासाचे.