सायमल्टेनियस मल्टिथ्रेडिंग आणि आज्ञांचे डिकोडिंग

प्रोसेसरच्या एकाच कोअरवर दोन किंवा अधिक थ्रेडच्या (स्वतंत्र आज्ञा-प्रवाहांच्या) आज्ञा एकाच क्लॉक सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) चालवण्याची पद्धत, संक्षेपाने एसएमटी. टास्क मॅनेजरमध्ये ‘कोअर 4, लॉजिकल प्रोसेसर 8’ दिसते ते हिच्यामुळे. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांतून भाड्याने मिळणारा ‘व्हीसीपीयू’ (आभासी प्रोसेसर) ही बहुधा अख्खा कोअर नसतो, एक थ्रेड असतो.

उगमाबद्दल एकमत नाही. डीन टल्सन, सुझन एगर्स व हेन्री लेव्ही यांच्या 1995 च्या निबंधामुळे हे नाव रूढ झाले. मात्र हिरोआकी हिराता व सहकाऱ्यांनी 1992 मध्येच अनेक थ्रेडच्या आज्ञा एकदम सोडणारी रचना मांडली होती. काहीजण मूळ आयबीएमच्या एसीएस या महासंगणक-प्रकल्पात, 1968 च्या सुमारास शोधतात. सीडीसी 6600 (1964) या महासंगणकातील परिधीय (मुख्य प्रोसेसरला साहाय्य करणाऱ्या) प्रोसेसरांचाही दाखला दिला जातो. पण तिथे दर सायकलला एकाचीच पाळी असे, म्हणून त्यांना दूरचे पूर्वज म्हणणेच बरे. हिराता यांचे श्रेय मात्र डावलता येत नाही. चार थ्रेडचा अल्फा ईव्ही8 प्रोसेसर 2001 मध्ये गुंडाळला गेला आणि 2002 मध्ये इंटेलने ही पद्धत ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने बाजारात आणली.

रचनेत रजिस्टरांची (कोअरमधल्या चिमुकल्या साठवण-जागांची) स्थिती थ्रेडगणिक वेगळी ठेवतात. कॅश (जवळची जलद स्मृती) व गणनएकके सामाईक असतात. पेंटियम 4 मधील 126 नोंदींचा रीऑर्डर बफर (चालू आज्ञांचा मूळ क्रम राखणारी यादी) दोन थ्रेड चालू असताना 63-63 असा वाटला जाई.

डिकोडिंगला, म्हणजे आज्ञा उलगडून प्रोसेसरच्या अंतर्गत सूक्ष्म-आज्ञा बनवण्याला, ‘सायमल्टेनियस’ (एकाच वेळचे) हे विशेषण क्वचितच शोभते. एक्स86 (इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांचा आज्ञासंच) मधील आज्ञा 1 ते 15 बाइटची असते. आधीची कुठे संपते हे कळल्याशिवाय पुढची सुरू होण्याची जागा सापडत नाही, त्यामुळे रुंद (एकदम अनेक आज्ञा उलगडणारा) डिकोडर महाग पडतो. म्हणून बऱ्याच रचनांत तो दोन थ्रेडना आलटून पालटून मिळतो. एक थ्रेड अडला की सगळ्या पाळ्या दुसऱ्याच्या. ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी आणि पनवेल लोकल तुर्भ्यापर्यंत अशाच एका रुळावरून जातात. तिथून त्यांना फाटे फुटतात. इथे उलट, डिकोड झालेल्या सूक्ष्म-आज्ञा पुढे गणनएककांपाशी एकमेकींत मिसळतात. पेंटियम 4 मध्ये डिकोडर एकच होता, पण डिकोड झालेल्या आज्ञा ट्रेस कॅशमध्ये साठत असल्याने त्याची गरज कमी पडे. एएमडीच्या झेन 5 (2024) मध्ये चार-चार आज्ञांचे दोन डिकोडर-संच आहेत, थ्रेडला एकेक. थ्रेड एकटाच असला तरी त्याला दोन्ही संच मिळत नाहीत, असे चाचण्यांवरून दिसते.

सामाईक भागांतून एका थ्रेडची माहिती दुसऱ्याला कळू शकते, या शंकेने ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने 2018 मध्ये हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. इंटेलच्या लुनार लेक प्रोसेसरांत (2024) हायपर-थ्रेडिंग नाही.