वाळक्या पानावरचं जेवण

थंडी सरता सरता कोल्हापुरात शाळांच्या मैदानांवर आणि कॉलन्यांच्या रस्त्यांवर देशी बदामाची पानं लाल होऊन गळू लागतात. घरच्या काचेच्या टाकीत चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे झिंगे, पाळणाऱ्यांनी ती उचलून, वाळवून जपून ठेवावीत. दोन-तीन सेंटिमीटरच्या या झिंग्यांसाठी दुकानातल्या गोळीखाद्यापेक्षा मला हे पान मोलाचं वाटतं.

पान टाकल्या टाकल्या झिंगे त्यावर तुटून पडत नाहीत. पहिले एक-दोन दिवस त्यातून टॅनिन हे तुरट द्रव्य आणि इतर विरघळणारी द्रव्यं बाहेर येतात आणि पाण्याला तपकिरी झाक चढते. त्यानं घाबरून पाणी बदलायची गरज नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पानावर जिवाणू आणि बुरशी वस्ती करतात. पानाचा सांगाडा सेल्युलोज आणि लिग्निन या चिवट द्रव्यांचा असतो. तो फोडण्याची ताकद झिंग्यापेक्षा बुरशीत कितीतरी जास्त. तिचे तंतू पानात शिरून त्याला मऊ करतात, पाण्यातला नायट्रोजन ओढून घेतात आणि त्यापासून प्रथिनं बनवतात. म्हणून कुजत चाललेल्या पानात, वजनाच्या मानानं, नायट्रोजन उलट वाढत जातो! आठ-पंधरा दिवसांत पानावर बुळबुळीत थर येतो. झिंग्याचं जेवण ते हेच.

झिंग्याच्या चालण्याच्या पायांपैकी पुढच्या दोन जोड्यांच्या टोकाला केसांचे बारीक कुंचले असतात. त्यांनी तो हा थर खरवडतो आणि तोंडात घालतो, दिवसभर. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं फार दूर फिरत नाहीत, टाकीच्या एका कोपऱ्यात पडलेली गोळी त्यांना मिळेलच असं नाही. पान मात्र त्यांच्या पायाखालीच असतं, आणि त्याखाली लपायलाही जागा मिळते. पिल्लं जगवायची असतील तर टाकीत एक तरी कुजकं पान कायम असावं, असं माझं मत आहे.

1942 साली इंग्लंडमध्ये बुरशींचे अभ्यासक सी. टी. इंगोल्ड यांनी पाण्यात पडलेल्या अल्डर झाडाच्या पानांवरच्या बुरशींचं वर्णन केलं. त्यांतल्या अनेकींच्या बीजाणूंना चार फाटे असतात, त्यामुळे वाहत्या पाण्यातही ते पानाला अडकतात. दाजीपूरच्या जंगलातल्या ओढ्यांकडे या नजरेनं पाहा. दाट झाडीमुळे तिथं तळाशी ऊन पोचत नाही, शेवाळ फारसं वाढत नाही. पाण्यातल्या जिवांचं बरंचसं पोट गळलेल्या पाल्यावर चालतं.

पान गळलेलंच का घ्यायचं? गळण्यापूर्वी झाड त्यातला जवळजवळ निम्मा नायट्रोजन आणि फॉस्फरस परत खोडाकडे ओढून घेतं. हिरव्या पानात मात्र साखर आणि प्रथिनं भरलेली असतात. ती पाण्यात उतरली की जिवाणू एकदम माजतात, ऑक्सिजन संपवतात, अमोनिया वाढतो. देशी बदामाखेरीज पेरू आणि फणसाची वाळकी पानंही चालतात. फणसाचं जाड पान जास्त दिवस टिकतं.

हिरवा पाला द्यायचाच तर थोडा, आणि मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून. पालक रात्री टाकला तर सकाळी उरलेला काढून घ्यावा. पालकात कॅल्शियम असतं, पण पालकातलंच ऑक्झलेट हे द्रव्य ते बांधून ठेवतं. कात टाकल्यावर नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे माझा कल शेवग्याच्या पाल्याकडे.

कण्हेर, रुई, धोतरा यांच्या वाटेला जाऊ नये. कडुलिंबही नको. त्यातलं अझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्यात अडथळा आणतं, आणि झिंग्यांची कात कीटकांसारख्याच संप्रेरकावर चालते.

सगळ्यात मोठा धोका फवारणीचा. सांगली-तासगावकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतं. झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला मारतं. उसाच्या किंवा भाजीच्या रानाकडेचं पानही घेऊ नये. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असली तरी झिंगे दगावू शकतात, आणि पानाच्या आत मुरणारी औषधं धुऊन जात नाहीत. रेशीम अळ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याकडची तुती मिळाली तर जरूर घ्यावी. पाल्यात औषधाचा अंश राहिला तर आधी त्याच्याच अळ्या मरतील, म्हणून तो फवारणीबाबत आपल्याइतकाच काटेकोर असतो.