द्वारसभा

कामगार संघटना कामाच्या ठिकाणच्या फाटकापाशी आपल्या सभासदांची जी छोटी सभा घेते, तिला द्वारसभा म्हणतात. बोलताना मात्र ‘गेट मीटिंग’ हाच शब्द अधिक चालतो. पाळी बदलताना, पाळी सुरू होण्याआधी किंवा जेवणाच्या सुट्टीत ती होते. एसटीची आगारे, वीज कंपन्यांची कार्यालये व उपकेंद्रे, रेल्वेच्या कार्यशाळा, बंदर, महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरी चौक्या, जिल्हाधिकारी कार्यालये अशा सार्वजनिक सेवेतल्या जागी सभासदांना बातमी पोहोचवण्याची आणि त्यांचे म्हणणे समजून घेण्याची ही महाराष्ट्रातली रुळलेली पद्धत आहे. तिला मंडप किंवा खुर्च्या लागत नाहीत. हातातला कर्णा असला तर असतो, नाहीतर वक्ता कठड्यावर किंवा पायरीवर उभा राहून बोलतो.

सभा फाटकावरच का, याचे उत्तर बरेचसे कायद्यात सापडते. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरवले, पण संप हा मूलभूत हक्क नाही असेही सांगितले. पुढे १९६९ मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या प्रकरणात, भाषणस्वातंत्र्य असले तरी रेल्वेच्या आवारात सभा घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असा निर्णय झाला. साहजिकच सभा आवाराबाहेर, पण आवाराला लागून होऊ लागल्या. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा आला. जिथे तो लागू आहे तिथे मान्यताप्राप्त संघटनेला आवारात स्वतःचा सूचना फलक लावण्याचा, पगार वाटपाच्या जागी वर्गणी गोळा करण्याचा आणि औद्योगिक विवाद टाळण्यासाठी किंवा मिटवण्यासाठी, कामात अडथळा न आणता, सभासदांशी आत चर्चा करण्याचा हक्क मिळाला. अशी मान्यता मिळायला एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के सभासद असावे लागतात. मान्यता नसलेल्या संघटनेला यातले काहीच मिळत नाही. तिच्यासाठी फाटक हाच फलक आणि तेच कार्यालय. एका आगाराच्या दारात चार-चार संघटनांचे बोर्ड शेजारीशेजारी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

द्वारसभेची तयारी आदल्या दिवशी फळ्यावर होते. खडूने लिहिलेले असते : ‘उद्या दु. १.३० वा. द्वारसभा. विषय : वेतन करार. बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ वेळेला दोन-तीन कार्यकर्ते आधी येऊन ‘कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही’ ही घोषणा देतात. तिच्या आवाजाने आतले लोक डबा आवरून बाहेर येऊ लागतात. शाखा सचिव प्रस्तावना करतो आणि विभागाचा किंवा केंद्रीय कार्यकारिणीचा माणूस मुख्य बोलणे करतो. जाणत्या वक्त्याला ठाऊक असते की समोरच्याला बस किंवा लोकल पकडायची आहे, म्हणून जागतिक परिस्थितीवर न रेंगाळता तो थेट मुद्द्यावर येतो : प्रशासनाबरोबर बैठक कोणत्या तारखेला झाली, कोणती मागणी मान्य झाली, कोणती लांबणीवर पडली, परिपत्रक कधी निघणार.

खरी द्वारसभा यानंतर सुरू होते. मागच्या रांगेतून विचारले जाते, ‘फरक कधी मिळणार?’ फरक म्हणजे वाढीव पगाराची थकबाकी, आणि हा प्रश्न बहुतेक सभेत येतोच. मग बदल्या, वेतननिश्चितीतली चूक, अनुकंपा भरती, फाटलेले हातमोजे, विश्रांतीगृहातले बंद पंखे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या तक्रारींवरूनच सभासद संघटना कामाची की बिनकामाची हे ठरवतो. चांगला शाखा सचिव त्या वहीत टिपून घेतो आणि पुढच्या सभेत प्रत्येकीचे काय झाले ते आधी सांगतो. ज्या शाखेत ही वही नाही तिथली गर्दी हळूहळू ओसरते, मग वक्ता कितीही फर्डा असो.

सभासदाला अंधारात ठेवू नये, हा आग्रह १९७१ च्या कायद्यातही आहे. मान्यताप्राप्त संघटनेच्या कार्यकारिणीच्या दोन बैठकांत तीन महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, प्रत्येक ठराव इतिवृत्तात नोंदला पाहिजे आणि सरकारने नेमलेला लेखापरीक्षक हिशेब तपासू शकतो, अशा अटी त्यात आहेत. संपाची नोटीस १४ दिवसांची, आणि ती देण्याआधी बहुसंख्य सभासदांचा मतदानाने कौल घ्यायचा. मतदानाच्या आधीच्या दिवसांत द्वारसभांचा धडाका लागतो, कारण मत मागायचे तर मागणी समजावून सांगावीच लागते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ मधला ५४ दिवसांचा संप या परंपरेतला मोठा टप्पा. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालचा हा संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी होता. घरोघरी दूरध्वनी नव्हते, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी रोज भरणारी सभा आणि हातोहात फिरणारे पत्रक यांवरच माणसे धीर धरून राहिली.

२०२१ चा एसटी संप मात्र उलटे उदाहरण आहे, आणि प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. ऑक्टोबरअखेर संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण केले, महागाई भत्ता व घरभाडे भत्त्यावर तडजोड झाली आणि आंदोलन मागे घेतल्याचे जाहीर झाले. तरीही अनेक आगारांत गाड्या सुटल्या नाहीत. कामगारांच्या मनात एव्हाना एसटी महामंडळाचे शासनात विलीनीकरण ही मागणी पक्की बसली होती आणि नेते भत्त्याची गोष्ट सांगत होते. थोड्याच दिवसांत राज्यातली सुमारे अडीचशे आगारे बंद पडली. वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या संघटनांना बाजूला सारून कामगार आझाद मैदानात बसले आणि संप उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२२ मधल्या आदेशापर्यंत चालला. तुटपुंजा व अनियमित पगार, आत्महत्या, महामारीतले हाल ही त्या संतापाची मुळे होती, त्याबद्दल वाद नाही. पण आगाराच्या दारात काय शिजते आहे ते वरपर्यंत पोहोचले नाही, हेही तितकेच खरे. तिथे नेत्याने ऐकले नाही तर त्याच्या सहीला किंमत उरत नाही.

घाईच्या वेळची अडचण वेगळी. अदाणी समूहाच्या समांतर वीज वितरण परवान्याच्या, म्हणजे सरकारी कंपनीच्याच भागात वीज पुरवण्याच्या परवान्याच्या, अर्जाला विरोध म्हणून वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला आणि तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर त्याच दिवशी तो मागे घेतला. असा निर्णय दुर्गम उपकेंद्रातल्या ऑपरेटरपर्यंत आणि खांबावर चढणाऱ्या लाइनमनपर्यंत काही तासांत पोहोचवायला मोबाइलशिवाय पर्याय नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटांमुळे परिपत्रक निघाल्याच्या क्षणी सभासदाच्या हातात येते, ही मोठी सोय झाली. त्याबरोबर महागाई भत्त्याचे खोटे आदेश आणि जुन्या निर्णयांच्या तारीख पुसलेल्या प्रतीही फिरतात. शिवाय शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम लागू असल्याने गटावर लिहिलेला राग स्क्रीनशॉट होऊन साहेबांच्या टेबलावर पोहोचण्याची धास्ती असते. त्यामुळे गटावर अंगठे दिसतात आणि मनातली गोष्ट दारातच बोलली जाते.

द्वारसभेच्या मर्यादाही आहेत. महिला कर्मचाऱ्यांना सुटल्यावर घर गाठायचे असल्याने संध्याकाळच्या सभेत त्या कमी दिसतात. जेवणाच्या सुट्टीतली सभा त्यांना सोयीची पडते, पण अजूनही अनेक शाखा वेळ ठरवताना त्यांना विचारत नाहीत, हे बदलायला हवे. कंत्राटी कामगार त्याच फाटकातून आत जातो, तेच काम करतो आणि पुष्कळदा सभेच्या कडेला उभा राहून ऐकतो. पण कायम कामगारांच्या संघटनेत त्याला सभासदत्व असतेच असे नाही. काही ठिकाणी त्यांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या आहेत.

तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, आरोग्य सेविका यांना एक फाटक नसतेच. त्यांच्या संघटना तालुक्याच्या मासिक बैठकीचा दिवस धरतात. मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकांचेही तसेच : बालविकास प्रकल्प कार्यालयातली बैठक संपली की बाहेरच्या झाडाखाली किंवा व्हरांड्यात तालुक्याची पदाधिकारी पावती पुस्तक उघडते, वर्गणी घेते आणि थकलेल्या मानधनाचे कुठवर आले ते सांगते.