संशोधनग्रंथ : मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानवशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांत एकच प्रश्न हाती घेऊन मूळ साधनांच्या आधारे त्याची पुस्तकभर केलेली मांडणी म्हणजे संशोधनग्रंथ. त्याला मोनोग्राफ असेही म्हणतात. लेखक बहुधा एकच असतो. पाने दोन-तीनशेच्या घरात, आणि त्यांतली बरीचशी टिपा, संदर्भसूची व शब्दसूची यांनी व्यापलेली. पाठ्यपुस्तक सर्वमान्य झालेले ज्ञान विद्यार्थ्यांपुढे ठेवते. संशोधनग्रंथ त्या ज्ञानात भर घालायला किंवा त्यातले काही खोडून काढायला निघालेला असतो. त्याचा पहिला वाचकही त्याच विषयातला, म्हणजे पेन्सिल हातात घेऊनच वाचायला बसणारा असतो.

भौतिकी किंवा रसायनशास्त्रात नवे संशोधन नियतकालिकांतल्या निबंधांतून पुढे येते आणि पुस्तक निघते ते वाद मिटल्यावर. मानव्यविद्यांत मात्र पुष्कळदा वादाला तोंड फुटते तेच पुस्तकाने. याचे कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. ‘या मुलखातले शेतकरी उठले ते उपासमारीमुळे नव्हे, तर चराईचे जुने हक्क गेल्यामुळे’ हे विधान एका ओळीत सांगता येते, पण एका ओळीत पटवता येत नाही. त्यासाठी शेतसाऱ्याच्या वह्या, खटल्यांतल्या जबान्या, धान्याचे दर शेजारी शेजारी मांडावे लागतात. जबानी कोणी, कोणाच्या धाकाने लिहून घेतली हे सांगावे लागते. उपासमारीची बाजूही पूर्ण ताकदीने मांडून मग ती का टिकत नाही हे दाखवावे लागते. या विषयांत निष्कर्ष पुराव्यापासून सुटा काढून हातावर ठेवता येत नाही.

फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल यांचा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या काळातील भूमध्य समुद्राच्या प्रदेशावरील ग्रंथ हे याचे ठळक उदाहरण. त्याचा मोठा भाग त्यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना, टिपणे जवळ नसताना, स्मरणावर लिहिला. १९४७ मध्ये तो प्रबंध म्हणून सादर झाला आणि १९४९ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. डोंगर, मैदाने, हवामान, प्रवासाला लागणारे दिवस यांपासून तो सुरू होतो. मग व्यापार, लोकसंख्या, साम्राज्ये. आणि राजे-सेनापतींच्या लढाया अगदी शेवटच्या भागात. हा क्रम हाच त्यातला युक्तिवाद आहे : घटनांच्या धांदलीखाली एक फार संथ काळ वाहत असतो. तो संथपणा वाचकाला पानांच्या संख्येतूनच जाणवतो.

अनेक लेखकांचा पहिला ग्रंथ पीएच्.डी.च्या प्रबंधातून येतो. तरी प्रबंध छापला की ग्रंथ झाला असे होत नाही. लेखकाने सगळे वाचले आहे अशी परीक्षकांची खात्री पटवणे हे प्रबंधाचे काम. म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे लांबलचक पहिले प्रकरण त्यात असतेच. संपादकाची कात्री सर्वांत आधी तिथे चालते आणि चाळीस पानांच्या चार टिपा होतात. ‘प्रस्तुत संशोधकाच्या मते’ जाऊन ‘मला वाटते’ येते. हा बदल दिसायला किरकोळ. करताना मात्र घाम फुटतो, कारण आता आड लपायला कोणी उरत नाही.

असे ग्रंथ छापण्याचे काम मुख्यतः विद्यापीठांच्या मुद्रणालयांनी केले. केंब्रिजला मुद्रणाची सनद आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये दिली आणि तिथले पहिले पुस्तक १५८४ मध्ये निघाले. अमेरिकेत अखंड चालू असलेले सर्वांत जुने विद्यापीठ मुद्रणालय जॉन्स हॉपकिन्सचे, १८७८ मधले. आज खाजगी प्रकाशकही या क्षेत्रात आहेत. हस्तलिखित सहसा दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते, त्यांच्या आक्षेपांना लेखक लेखी उत्तर देतो आणि विद्यापीठाच्या मुद्रणालयात अखेरचा शब्द प्राध्यापकांच्या मंडळाचा असतो. प्रस्ताव पाठवल्यापासून छापील प्रत हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. परीक्षणे त्यानंतर, तीही सावकाश.

टिपांची जागा हा जुना वाद आहे. इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला तेव्हा टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली : आकडा दिसला म्हणून शेवटचे पान उलटावे, तर तिथे नुसता आधारग्रंथाचा उल्लेख; हे सारे समासात किंवा पानाच्या तळाशी हवे. पुढे तिसऱ्या आवृत्तीत टिपा खाली आल्या. आजचे बरेच प्रकाशक पान मोकळे दिसावे म्हणून त्या पुन्हा शेवटी ढकलतात आणि वाचक एक बोट मजकुरात, दुसरे टिपांत अडकवून बसतो. तळटीप ही साक्ष असेल, तर साक्षीदाराला न्यायालयाबाहेर बसवण्यात अर्थ नाही.

शब्दसूचीकडे दुर्लक्ष होते, ते अन्यायाचे आहे. पानांचे आकडे पक्के झाल्यावर, छपाईच्या तोंडावर, थोड्या आठवड्यांत ती लेखक स्वतः करतो किंवा पदरचे पैसे मोजून करून घेतो. ‘दुष्काळ’ या नोंदीखाली ‘—आणि सावकारी’, ‘—आणि स्थलांतर’, मग ‘धान्यसाठे पाहा’ अशी वाट चांगली सूची दाखवते. संगणकावरचा शोध शब्द असलेली पाने देतो. सूची दुष्काळ हा शब्द कुठेच न आलेल्या, पण दुष्काळाबद्दलच बोलणाऱ्या पानावरही नेते. अनुभवी वाचक पुस्तक हाती आल्यावर आधी सूची उघडतो. लेखकाने कशाला बगल दिली आहे ते तिथे चटकन कळते.

संपादित लेखसंग्रह, एखाद्या विद्वानाच्या सन्मानार्थ काढलेले गौरवग्रंथ आणि जुन्या ग्रंथांच्या पाठभेद तपासून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्त्या हे याच कुळातले. गौरवग्रंथांत लेखांची प्रत फार वरखाली असते.

या ग्रंथांचा मुख्य ग्राहक ग्रंथालय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञान-नियतकालिकांच्या वर्गण्या भरमसाट वाढल्या आणि त्या भागवताना ग्रंथालयांची पुस्तकखरेदी आटली. पूर्वी हजाराच्या वर खपणाऱ्या ग्रंथाच्या आता कित्येकदा काही शेकडाच प्रती जातात. खर्च मात्र प्रतींबरोबर घटत नाही. अमेरिकेतल्या २० विद्यापीठ मुद्रणालयांच्या ३८२ पुस्तकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका पुस्तकाचा खर्च सुमारे १५,००० डॉलरपासून १,३०,००० डॉलरपर्यंत निघाला. संपादक आणि इतर कर्मचाऱ्यांचा वेळ हा त्यातला सर्वांत मोठा वाटा. त्यामुळे पक्क्या बांधणीची किंमत ग्रंथालयालाच परवडेल अशी ठेवली जाते. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या सोयीमुळे पुस्तक ‘संपले’ असे आता क्वचित होते, पण त्याने किंमत उतरलेली नाही.

खुल्या, म्हणजे वाचकाला मोफत असलेल्या, प्रकाशनाचा मार्ग निबंधांपेक्षा पुस्तकांना उशिरा मिळाला. ब्रिटनमधल्या यूकेआरआय या संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनावरचा ग्रंथ १ जानेवारी २०२४ रोजी किंवा त्यानंतर प्रसिद्ध झाला, तर तो १२ महिन्यांत सर्वांना मोफत वाचता आला पाहिजे असा नियम आहे. खर्च लेखकाच्या संस्थेने भरायचा ठरला, तर निधी नसलेल्या लेखकाने काय करायचे, हा प्रश्न मोकळाच राहतो. काही ठिकाणी अनेक ग्रंथालये मिळून तो उचलतात.

पडद्यावर हे ग्रंथ प्रकरणाप्रकरणाने उतरवून घेतले जातात. प्रकाशक आता प्रत्येक प्रकरणाचा वेगळा सारांश लेखकाकडून मागतात, आणि लेखकही प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येईल असे लिहू लागले आहेत. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर सातव्यात देण्याची जुनी मुभा आकसते आहे.